जपानी शेतकऱ्याचा गोड घास

मंडळी, आणि मागे बसलेल्या आयाबहिणींनो, जरा पुढे सरकून बसा. आज जपान देशाविषयी बोलायचे आहे. जपान म्हटले की लोक मोटारी सांगतात, यंत्रे सांगतात, भूकंप सांगतात. ते सगळे खरे आहे. पण मी तुम्हाला आज तिथल्या चुलीपाशी नेणार आहे. तिथे सणाला गोड काय करतात, ते कशाचे करतात, आणि पूर्वी ते कुणाच्या तोंडी पडत असे, एवढेच सांगणार आहे. ही शेवटची गोष्ट नीट ऐका. ती धान्य पिकवणाऱ्यांची गोष्ट आहे.

जपान हा समुद्रातल्या बेटांचा देश. डोंगर फार, सपाट रान थोडे. जिथे पाणी अडेल तिथे भाताची खाचरे. आता तिथे लावणी यंत्राने होते. पण शेपन्नास वर्षांमागे आपल्या मावळातला माणूस तिथे गेला असता, तर त्याला काही परके वाटले नसते. चिखल तोच, आणि चिखलात वाकलेल्या पाठी त्याच.

तर त्यांच्या गोडाचा पाया दोन गोष्टींचा. एक तांदूळ आणि दुसरे कडधान्य. दूध नाही, तूप नाही. जुन्या जपानी मिठाईत या दोन्ही वस्तू जवळजवळ नसतातच. तांदूळही आपल्यासारखा मोकळा नव्हे. एक जात अशी आहे की शिजली की डिंकासारखी चिकटते. कडधान्याचे नाव अझुकी. दाणा लाल, चवळीपेक्षा बारीक. आपले मूग, उडीद, मटकी, चवळी ज्या कुळातली, त्याच कुळातली ही अझुकी. ती शिजवतात, घोटतात, साखर घालून आटवतात. साले गाळून काढली तर मऊ होते, ठेवली तर भरड. आता मला सांगा, हे काय झाले? पुरणच झाले की! ते लोक त्याला ‘अंको’ म्हणतात. आपण पुरण पोळीत भरतो, ते तांदळाच्या गोळ्यात भरतात. गरिबाघरी साखर नसे. तेव्हा त्या पुरणात मीठ घालत आणि तेच सणाचे म्हणून खात.

त्या तांदळाच्या गोळ्याचे नाव मोची. नव्या वर्षाच्या आधी घरोघर मोची कुटत. चिकट तांदूळ रात्री भिजत घालायचा. सकाळी वाफवायचा. वाफाळलेला भात मोठ्या लाकडी उखळात ओतायचा. मुसळ आपल्यासारखे उभे नसते. लांब दांड्याचा लाकडी हातोडाच म्हणा. एक जण तो डोक्यावर उचलून हाणतो. दुसरा शेजारी बसून, दोन घावांच्या मधे, ओल्या हाताने गोळा परततो. ताल चुकला तर बोटे गेली! म्हणून दोघे तोंडाने हुंकार देत काम करतात. बहुधा नवरा हाणतो आणि बायको परतते. ज्यांचे आदल्या रात्री भांडण झाले असेल त्यांनी हे काम करू नये, असे आपले मला वाटते.

कुटता कुटता भाताचे शीत दिसेनासे होते. पांढरा, गुळगुळीत, ताणला तर हातभर लांबणारा गोळा होतो. हे काम डिसेंबरच्या २८ तारखेला करतील, ३० ला करतील, पण २९ ला पुष्कळ ठिकाणी टाळतात. त्यांच्या भाषेत नवाला ‘कू’ म्हणतात आणि दुःखालाही ‘कू’च म्हणतात. नव्या वर्षात दुःख कुटून कशाला घालायचे?

आता विचार करा. ज्याच्या शेतात तांदूळ पिकतो त्याला मोचीचे एवढे अप्रूप का? आपल्या घरचाच तांदूळ, रोज का नाही कुटायचा?

त्याचे कारण असे. जपानात १६०३ ते १८६८ पर्यंत तोकुगावा घराण्याचे राज्य होते. त्या काळी शेतसारा पैशात नव्हे, तांदळात भरायचा. दहा पोती पिकली तर चार-पाच पोती सरदाराच्या कोठारात. सरदाराची प्रतिष्ठाही तांदळावरच मोजत. याचे इतके हजार माप, त्याचे तितके लाख माप. राहिलेल्या तांदळातून कपडा, मीठ, अवजारे आणि सावकार. मग घरात काय शिजायचे? सातू, राळे, सावे, आणि त्यात मुळ्याचे तुकडे. तांदूळ घालायचा तो मूठभर, मिसळण्यापुरता. १६४० नंतर मोठा दुष्काळ पडला. तेव्हा सरकारने गावोगाव हुकूम काढले की शेवया, वाफवलेली पुरणाची उंडी असले पदार्थ करून विकू नयेत, धान्याची नासाडी होते. नासाडी कोण करत होते ते देव जाणे. हुकूम मात्र पिकवणाऱ्याच्या दारावर लागला.

विकायला न जाणारा चुरा, कणी, फुटका दाणा घरी राहत असे. बाया त्याचे पीठ दळत, गोळ्या वळून उकडत. त्याला ‘दांगो’ म्हणतात. आज शहरात तीन-चार दांगो काडीला टोचून, भाजून, गोडसर रस लावून विकतात. लोक हौसेने घेतात. जन्म त्याचा कणीत झाला आहे, बरं का.

म्हणून वर्षातले चार दिवस असे होते की त्या दिवशी आपलाच तांदूळ आपल्या तोंडात पडायचा. त्या दिवसांची वाट लहानथोर सारेच पाहत.

यातला एक दिवस पितरांचा. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हा जपानी लोक घरच्या थडग्यांवर जातात, साफसफाई करतात, फुले ठेवतात. सप्टेंबरचा हा आठवडा पुष्कळदा आपल्या पितृपक्षाच्या आसपासच येतो. त्या दिवशी नैवेद्याला एक लाडू करतात. आत अर्धवट चेचलेला भात, वरून पुरणाचा जाड थर. वसंतात त्याला ‘बोतामोची’ म्हणतात, कारण तेव्हा बोतान नावाचे मोठे फूल फुलते. शरदात त्यालाच ‘ओहागी’ म्हणतात, कारण तेव्हा हागीची बारीक फुले येतात. पदार्थ एकच, ऋतू बदलला की नाव बदलते.

हा लाडू करताना उखळ लागत नाही. भांड्यातच भात चेचायचा. धाडधाड आवाज होत नाही. म्हणून लोकांनी त्याचे आणखी एक नाव पाडले, ‘शेजाऱ्याला न कळे’! उन्हाळ्यात त्याला ‘रात्रीची नाव’ म्हणत, आणि हिवाळ्यात ‘उत्तरेची खिडकी’. हे कोडे आहे. त्यांच्या भाषेत ‘कुटणे’ आणि ‘नाव काठाला लागणे’ यांना एकच शब्द. रात्री नाव कधी लागली ते कळत नाही, तसा हा लाडू कधी कुटला तेही कळत नाही. आणि ‘चंद्र’ व ‘कुटणे’ हे शब्दही सारखेच वाजतात. उत्तरेच्या खिडकीतून चंद्र दिसत नाही, म्हणजे कुटणे नाही! अहो, शाळेत न गेलेल्या लोकांनी रचलेली ही कोडी आहेत. आपल्या जात्यावरच्या बाया काही कमी नव्हत्या, तशा त्याही नव्हत्या.

या बोतामोचीची एक गोष्ट तिथे आज्या सांगतात. एका घरात सासू आणि सून. सासूने बोतामोची केल्या. पोटभर खाल्ल्या, उरलेल्या डब्यात घालून फळीवर ठेवल्या. ठेवताना डब्याला बजावले, “बघ हो, सुनेने झाकण उघडले तर बेडूक हो. मी उघडले तर बोतामोचीच राहा.” सून दाराआड होती. सासू बाहेर गेल्यावर तिने डबा खाली काढला, सगळ्या बोतामोची फस्त केल्या, आणि ओढ्यातले बेडूक धरून आणून डब्यात भरले. संध्याकाळी सासूने झाकण उघडले. टुणकन एक बेडूक बाहेर, मग दुसरा, मग तिसरा. सासू त्यांच्यामागे धावते आणि ओरडते, “अरे, मी आहे, मी! सून नव्हे! उड्या मारू नका रे, अंगावरचे पुरण सांडेल!”

हसलात ना? मीही हसतो. पण त्या घरात पोटभर तांदूळ असता तर ही गोष्ट जन्मली नसती, हेही मनात येते.

जपानी गोडाचे दुसरे अंग म्हणजे पाने. पाच मे हा मुलांचा सण. त्या दिवशी पुरण भरलेली मोची एका ओकच्या जातीच्या पानात गुंडाळतात. या झाडाचे जुने पान नवी पालवी फुटेपर्यंत गळत नाही. म्हणजे नातू आल्याशिवाय आजा जायचा नाही, असा त्याचा अर्थ लावतात. चेरीच्या फुलांच्या दिवसांत मोचीला चेरीचे खारवलेले पान गुंडाळतात. पहिली अशी मोची १७१७ साली आजच्या तोक्यो शहरात, सुमिदा नदीकाठच्या चोमेइजी देवळाच्या रखवालदाराने केली, असे सांगतात. रोज झाडाखालची पाने झाडून तो कंटाळला होता. त्याने ती पिंपात मिठात घातली आणि देवळात येणाऱ्यांना पानात बांधून मोची विकली. दुकान अजून चालू आहे. केराचे पैसे कसे करावे ते या माणसाकडून शिकावे.

आता चंद्राकडे या. शरदातल्या पौर्णिमेला जपानात चंद्रदर्शन करतात. ही रात्र कधी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला येते, कधी थेट कोजागिरीला. २०२५ साली ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री आल्या. ओसरीवर गवताचे तुरे ठेवतात आणि तांदळाचे पंधरा गोल दांगो रचतात. काही गावांत त्या रात्री पोरांनी शेजारचे दांगो पळवावे अशीच रीत आहे. कुणी रागावत नाही. चोरी झाली तर शुभ मानतात.

चंद्रावरच्या डागात त्यांना काय दिसते ठाऊक आहे? ससा. आपणही चंद्राला शशांक म्हणतो. शश म्हणजे ससा, अंक म्हणजे खूण. ही निव्वळ योगायोगाची बाब नाही. बुद्धाच्या जातककथांत सशाची एक गोष्ट आहे. ती बौद्ध धर्माबरोबर आपल्या देशातून चीनमार्गे तिकडे गेली. ‘कोंजाकु मोनोगातारी’ नावाच्या सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या जपानी कथासंग्रहात ती आहे, आणि ही गोष्ट भारतात घडली असे तिथे सांगितले आहे. एक भुकेला म्हातारा येतो. माकड फळे आणते, कोल्हा मासे आणतो. सशाला काहीच मिळत नाही. तेव्हा तो म्हाताऱ्यापुढच्या जाळात स्वतः उडी घेतो. म्हातारा देव असतो. तो सशाला चंद्रावर ठेवतो. आपल्या गोष्टीतला ससा तिथे जाऊन मात्र नुसता बसला नाही. जपानी लोकांनी त्याच्या हाती हातोडा दिला, आणि तो चंद्रावर मोची कुटायला लागला! ज्याच्याकडे द्यायला घास नव्हता, त्याच्यापुढे त्यांनी तांदळाने भरलेले उखळ ठेवले. मला हा बदल फार आवडतो.

त्या काळच्या शेतकऱ्याला गाव सोडायची परवानगी सहज मिळत नसे. यात्रेसाठी मात्र मिळे. सगळ्यांत मोठी यात्रा इसेच्या सूर्यदेवीची. एवढा खर्च एकट्याला झेपायचा नाही. म्हणून गावकरी मंडळ करत. दरवर्षी प्रत्येकाने थोडे पैसे टाकायचे, चिठ्ठ्या काढायच्या, ज्याची चिठ्ठी निघेल त्याने सगळ्यांच्या वतीने जायचे. आपली भिशीच ही, फक्त देवासाठी. वाटेवर चहाची दुकाने, आणि दर मुक्कामाचे गोड वेगळे. आबे नदीवर भाजलेल्या सोयाबीनच्या पिवळ्या पिठात घोळलेली मोची मिळे. तोकुगावा राजाला दुकानदाराने “हे नदीतले सोने आहे” म्हणून ती दिली आणि राजा खूष झाला, अशी दंतकथा आहे. इसेला पोचल्यावर ‘आकाफुकू’ खायचे. हे दुकान १७०७ पासूनचे. मोचीवर पुरण, पुरणावर बोटांनी उमटवलेल्या रेघा. रेघा म्हणजे देवळाजवळच्या नदीची धार, आणि खालची पांढरी मोची म्हणजे नदीतले गोटे. चालून चालून थकलेल्या माणसाला तो गोड घास कसा लागत असेल, ते पंढरीच्या वारकऱ्याला सांगायला नको.

तांदळाचे झाले. आता साखरेचे ऐका, कारण आपल्याकडे ऊसवाले पुष्कळ आहेत.

लुईश फ्रोइश नावाचा एक पोर्तुगीज पाद्री १५४८ साली गोव्याला आला. तिथे शिकला, आणि १५६३ साली जपानात पोचला. १५६९ साली त्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीतून साखरेचे काटेरी दाणे नजर केले. जपानी लोक त्याला ‘कोंपेइतो’ म्हणू लागले. कसे करतात ते सांगतो. तापलेल्या कढईत बारीक दाणे टाकायचे, पाक थोडा थोडा घालायचा, आणि सारखे हलवत राहायचे. हळूहळू दाणा फुगतो आणि त्याला काटा फुटतो. आयाबहिणी हसायला लागल्या! हा तर आपला संक्रांतीचा हलवा. सुनेचे पहिल्या संक्रांतीचे दागिने करतो, तोच. जपानात आज मोठ्या फिरत्या कढईत तो करतात आणि एका घाण्याला पंधरा दिवससुद्धा लागतात. सैकाकू नावाच्या लेखकाने १६८८ साली नागासाकीच्या एका गरीब माणसाची गोष्ट लिहिली. परदेशी व्यापारी कृती सांगेनात. या माणसाने ओळखले की प्रत्येक दाण्याच्या पोटात एक तीळ आहे. त्या तिळावर तो श्रीमंत झाला.

पण ही साखर यायची कुठून? बरीच परदेशातून, आणि पुढे दक्षिणेच्या अमामी बेटांतून. ही बेटे सात्सुमाच्या सरदाराने १६०९ साली जिंकली होती. तिथे उसाची सक्ती झाली. १८३० पासून तर सगळीच्या सगळी साखर सरदाराला द्यायची असा नियम आला. बदल्यात भांडी, कापड, तांदूळ मिळायचे, आणि भाव सरदार ठरवील तो. चोरून साखर विकली तर मृत्यूची शिक्षा. गुऱ्हाळापाशी बोट चाटले तरी फटके, असे त्या बेटांवरचे लोक सांगत आले. त्या काळाला ते ‘काळ्या साखरेचा नरक’ म्हणतात. १८६४ साली तोकुनोशिमा बेटावरच्या इनुताबू गावात साखर लपवल्याच्या संशयावरून एका माणसाचे हाल केले, तेव्हा गावकरी काठ्या घेऊन अधिकाऱ्यांवर चालून गेले. शहरातल्या दुकानात त्याच साखरेची फुले, पाने, चंद्रकोरी घडत होत्या. त्या कारागिरीचे कौतुक पुस्तकांत पुष्कळ आहे, आणि ते योग्यच आहे. बेटावरच्या माणसाचे नाव मात्र त्या पुस्तकांत क्वचित सापडते.

१८७३ साली जपानात तांदळाचा सारा बंद होऊन रोख सारा सुरू झाला. पण कुळांचे भोग सरले नाहीत. जमीनमालकाला खंड तांदळातच द्यायचा, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, तिथे नवा कायदा झाला. सरकारने मालकांची जादा जमीन विकत घेतली आणि कसणाऱ्या कुळांना स्वस्तात दिली. आधी निम्म्याच्या जवळपास जमीन कुळांकडे होती. १९५० पर्यंत ती एक दशांशावर आली. आपल्याकडे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, ते इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. जपानी शेतकऱ्याच्या घरात तांदूळ खऱ्या अर्थाने राहू लागला तो या कायद्यानंतर.

आज मोची वर्षभर दुकानात पाकिटात मिळते. कुटायला विजेची यंत्रे आहेत. खेड्यांत तरुण थोडे उरले, हातोडा उचलायला माणूस शोधावा लागतो. देशात दहांतली जवळजवळ तीन माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. आणि यातून एक घोर निर्माण झाला आहे. मोची चिकट असते. म्हाताऱ्या माणसाला दात नसतात, लाळ कमी सुटते, आणि घास घशात अडकतो. दर नव्या वर्षी त्यापायी म्हातारी माणसे दगावतात. तोक्योचे अग्निशमन दल दरवर्षी लोकांना बजावते. तुकडे बारीक करा. आधी चहाने किंवा कढणाने घसा ओला करा. म्हाताऱ्या माणसाला एकटे खायला बसवू नका. घास अडकलाच तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोराने थापट्या मारा. आणि लगेच मदतीला माणसे बोलवा. हे आपल्याकडेही लक्षात ठेवा. घास भाकरीचा असो की केळ्याचा, घसा सगळ्यांचा सारखाच.

तरी म्हातारी माणसे मोची सोडत नाहीत. पोरे रागावतात, डॉक्टर सांगतात, पण पहिल्या दिवशी वाडग्यात मोची हवीच. ज्यांनी लहानपणी राळ्याच्या भातात तांदळाचे शीत शोधले, त्यांना ती नको कशी म्हणायची?

नव्या वर्षाला देवापुढे मोचीचे दोन मोठे गोळे, एकावर एक, ठेवलेले असतात. ११ जानेवारीपर्यंत ते वाळून दगडासारखे होतात. त्या दिवशी ते फोडतात. सुरी लावत नाहीत, सुरी अशुभ. लाकडी हातोडीने ठोकतात. मग ते तुकडे अझुकीच्या गोड, गरम कढणात टाकून मऊ करतात आणि घरातल्या सगळ्यांना वाटतात. आजोबांच्या वाडग्यात सगळ्यांत बारीक तुकडे घालतात, आणि ते खाईपर्यंत एक जण जवळ बसतो.